स्वतः बांधलेलं एरोबॅटिक आरसी विमान चांगलं झालंय हे ठरवायचं कसं? (सोलापूर)

होटगीनाका | शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी.

पावसाळ्यात हाती घेतलेलं विमान एकदाचं पूर्ण झालं आणि उडालंही. रिमोटवरचं, कसरती करणारं, एक्स्ट्रा ३०० या कसरतींच्या खऱ्या विमानाच्या धाटणीचं. पंखांचा विस्तार १२०० मिमी, सरासरी कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २६० मिमी, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३१ चौरस डेसिमीटर. सांगाडा बाल्सा आणि लाइट प्लायचा, वर इस्त्रीने चिकटणारी फिल्म. बॅटरीसकट वजन १३५० ग्रॅम. ३५३६ साइजची ९१० केव्हीची (व्होल्टमागे मिनिटाला ९१० फेरे) मोटर, ६० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर), १२×६ इंची प्रोपेलर, ४एस म्हणजे चार सेलची २२०० एमएएचची लिपो बॅटरी. शेपटीला वजनकाटा अडकवून मोजलं तर थ्रस्ट (प्रोपेलरचा जोर) दोन किलोच्या आसपास येतो.

आता प्रश्न. मैदानावर ज्याला त्याला विचारलं तर एकच उत्तर मिळतं, "उडतंय ना? मग झालं की!" मला हे पटत नाही. ट्रेनर विमानाचं ठीक आहे, ते आपोआप सरळ व्हावं म्हणूनच बांधलेलं असतं. एरोबॅटिक विमानाने मात्र जसं सोडाल तसंच राहायला हवं. सरळ असो, उलटं असो, पंख उभे करून असो, नाहीतर नाक थेट आभाळाकडे असो. वैमानिकाला जितकी कमी सारवासारव करावी लागते तितकं विमान चांगलं, असं माझं मत आहे. पण ही परीक्षा घ्यायची कशी, कुठल्या क्रमाने, आणि दोष दिसला तर आधी कशाला हात लावायचा?

मला आत्तापर्यंत दिसलेल्या तीन गोष्टी:
उभं वर चढवलं की नाक डावीकडे कलतं.
नाइफ-एजमध्ये, म्हणजे पंख उभे ठेवून रडरच्या (शेपटीच्या उभ्या हलत्या पात्याच्या) जोरावर नेताना, विमान पोटाच्या बाजूला वळतं.
लूप (हवेतला उभा गोल) जरा आवळून घेतला की उजवा पंख पडतो.

जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

शेंगाचटणी | शुक्रवार, रात्री ९.५२

मालक, पहिलं अभिनंदन! पण फोटो कुठाय? फोटोशिवाय विमानाचा धागा म्हंजे चटणीशिवाय कडक भाकरी.

पार्कचौक | शुक्रवार, रात्री १०.१५

अभिनंदन दादा. माझं मत थोडं वेगळं हाय. कसरती शिकायच्या असतील तर बाल्सा कशाला? ईपीपी फोमचं घ्यायचं. पडलं की चिकटवायचं, चिकटलं की उडवायचं. आमचा ग्रुप सगळा फोमवरच शिकलाय. बाल्साचं विमान घेऊन माणूस हात आखडता ठेवतो. पंधरा फुटांवर उलटं करायची हिंमत होत नाही, मग कसरत येणार कधी? विमान चांगलं की वाईट हे नंतर बघू, आधी पायलट तर तयार व्हायला पायजे.

बाल्सावेडा | शुक्रवार, रात्री ११.०५

पार्कचौक, शिकण्यासाठी फोम हे मान्य. पण इथे प्रश्न विमानाच्या परीक्षेचा आहे, आणि तिथे साधं फोम कामाचं नाही. त्याचा पंख जोर आला की पिळतो. हळू उडताना एक कोन, जोरात उडताना दुसरा. मग आज लावलेलं ट्रिम (काठी सोडल्यावर विमान सरळ जावं म्हणून केलेली बारीक जुळणी) उद्या वेगळ्या वेगाला खोटं ठरतं. कार्बनचे रॉड घालून बरंचसं सावरतं, पण पुरतं नाही. सांगाडा ताठ असेल तरच दोष कुठला आहे ते कळतं.

होटगीनाका साहेब, हवेत परीक्षा घेण्याआधी जमिनीवर घ्या. सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे दोरा. शिवणाचा नको, तो ताणतो. गवंडी ओळंब्याला वापरतात ती दोरी आणा. शेपटीच्या टोकाला बरोबर मध्यावर टाचणी टोचा, दोरी तिला बांधा, डाव्या पंखाच्या टोकापर्यंत ताणून न्या आणि पेनाने खूण करा. आता तीच दोरी उजव्या टोकाला न्या. खूण जागेवर आली तर पंख धडाला काटकोनात आहे. या आकाराच्या विमानात दोन मिलिमीटरपर्यंत फरक मी चालवून घेतो. त्याच्या वर असेल तर पंखाचं बसणं नीट केल्याशिवाय पुढे जात नाही.

मग विमान टेबलावर ठेवून दहा पावलं मागे जा आणि एक डोळा मिटून शेपटीकडून बघा. आडवी शेपटी पंखाला समांतर दिसली पाहिजे. डोळ्याला खटकलं की पट्टी घेऊन दोन्ही टोकांची टेबलापासूनची उंची मोजा. पंख आणि शेपटी यांचा धडाशी कोन दोन्हीकडे शून्य असावा. उलटं आणि सरळ सारखंच उडणाऱ्या विमानाचा पाया तोच.

आणखी एक. आयलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पाती) आणि एलेव्हेटर (आडव्या शेपटीचं हलतं पातं) यांच्या हिंजांमधली फट पारदर्शक टेपने खालच्या बाजूने बंद करा. फटीतून हवा निसटली की दोन्ही बाजूंचा परिणाम सारखा राहत नाही, आणि वेग वाढला की पृष्ठभाग फडफडायला लागतो. त्या फडफडीत सर्व्होचे (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) दात जातात, कधी अख्खा आयलेरॉनच जातो.

होटगीनाका | शनिवार, सकाळी ७.२०

@शेंगाचटणी, फोटो टाकलेत. वर पिवळा, खाली काळे-पांढरे पट्टे. वर-खाली वेगळे रंग मुद्दाम दिलेत, लांबून उलटं-सुलटं ओळखू यावं म्हणून.

@बाल्सावेडा, दोरीचं आजच करतो. एलेव्हेटरचे दोन भाग एका तारेने जोडलेले आहेत, ते दोन्ही सारखे वळतात का तेही मोजतो.

काळीमाती | शनिवार, दुपारी २.१०

फोटो पाहिले, फिल्मचं काम फार नेटकं झालंय. पंखाच्या टोकाच्या गोलाईवर एकही सुरकुती नाही, हे सोपं नसतं.

मी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. मुलं स्पर्धेसाठी विमानं बांधतात त्यांच्यामागे उभी असते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी आकडे. १३५० ग्रॅमला ३१ चौरस डेसिमीटर म्हणजे चौरस डेसिमीटरमागे सुमारे ४३ ग्रॅम. या आकाराला हे चांगलं आहे. ५५ च्या वर गेलं असतं तर मी वजन उतरवायला सांगितलं असतं. थ्रस्ट वजनाच्या दीडपट, म्हणजे उभी रेघ कापायला ताकद भरपूर. वॅट मीटर लावून पूर्ण थ्रॉटलला करंट बघा. ४५ अँपिअरच्या आसपास येत असेल तर साडेसहाशे वॅटच्या वर गेलात, किलोमागे पावणेपाचशे ते पाचशे. पुरून उरेल.

आता सोलापूरचं. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. चाळीस अंशाला आपल्याकडची हवा पुस्तकातल्या प्रमाण हवेपेक्षा १३-१४ टक्के विरळ असते. याचा अर्थ असा की प्रमाण हवेत तुमचं विमान तासाला ३० किलोमीटरच्या आसपास स्टॉल होत असेल (वेग कमी पडून पंखाची उचल सुटत असेल), तर मे महिन्याच्या दुपारी ते ३२ लाच होईल. दोन किलोमीटर ऐकायला कमी वाटतात, पण उतरताना नेमके तेच अंगावर येतात. प्रोपेलरचा जोरही त्याच प्रमाणात घटतो. म्हणून परदेशी व्हिडिओत दिसतं तसं विमान आपल्याकडे मेमध्ये तरंगत नाही, त्यात तुमच्या बांधणीचा दोष नाही. परीक्षा घ्यायची तर पहाटे घ्या. थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आसपास, सकाळची हवा इतकी शांत असते की विमान कललं तर ते वाऱ्याने नाही हे छातीठोक सांगता येतं. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की परीक्षा घेऊच नका, नुसतं उडवा.

हवेतल्या परीक्षेचा माझा क्रम ठरलेला आहे. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा.

पहिलं, सरळ उड्डाणात ट्रिम. अर्ध्या थ्रॉटलवर काठ्या सोडल्या की विमान सरळ जायला हवं.

दुसरं, सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य. विमान उलटं करा, ४५ अंशात वर चढवा आणि एलेव्हेटर सोडा. लगेच नाक जमिनीकडे वळलं तर नाक जड. तसंच चढत राहिलं किंवा आणखी आभाळाकडे गेलं तर शेपूट जड. बरीच लांब रेघ धरून मग हळूहळू कलायला लागलं तर सीजी जागेवर आहे. सुरुवात सरासरी एरोडायनॅमिक कॉर्डच्या २५ टक्क्यांवर करा, तुमच्या विमानात ६५ मिमी. नंतर इंच इंच नाही, मिलिमीटर मिलिमीटर मागे. आणि माप धडाजवळच्या कडेपासून घेऊ नका. तुमचा पंख निमुळता आहे, त्यामुळे त्या सरासरी कॉर्डच्या पुढच्या कडेपासून घ्या.

तिसरं, डाव्या-उजव्या पंखाचा तोल. सरळ उडताना ट्रिम पक्कं करा, मग विमान उलटं करून आयलेरॉनची काठी सोडा. जो पंख खाली जातो तो जड. सरळ असताना आयलेरॉनचं ट्रिम त्या पंखाला उचलून धरत असतं. उलटं झाल्यावर तेच ट्रिम आणि तेच वजन दोन्ही एकाच बाजूला ओढतात, म्हणून लपलेला दोष उघडा पडतो. तुमचा लूपमधला उजवा पंख बहुतेक इथेच सापडेल.

चौथं, मोटरचा कोन, उभ्या चढाईत नाक कलतं त्यासाठी. पाचवं, थ्रॉटल बंद करून थेट खाली येणारी रेघ. नाइफ-एजचं मिक्स (ट्रान्समीटरमधली, एका पात्यासोबत दुसरं आपोआप हलवायची सोय) सगळ्यात शेवटी.

पार्कचौक | शनिवार, दुपारी २.४०

ताई, वाचूनच घाम फुटला! पण उलटं करून काठी सोडायची युक्ती आजच बघतो.

यूकंट्रोल | शनिवार, संध्याकाळी ६.३०

धागा वाचून जुने दिवस आठवले. आम्ही एनसीसीच्या एअर विंगमध्ये असताना रेडिओ वगैरे कुणाकडे नव्हता. दोन पोलादी तारा, हातात मूठ, आणि विमान आपल्याभोवती गोल गोल. इंजिन डिझेलचं. इंधन आम्हीच मिसळायचो, ईथर, रॉकेल आणि एरंडेल. त्या वासाने घरचे लांबूनच ओळखायचे की स्वारी कुठून आली. लूप, उलटं उड्डाण, आठचा आकडा, सगळं त्या तारांवर व्हायचं. तार ढिली पडली की विमान गेलं, म्हणून सरळ बांधणीची किंमत आम्हाला तेव्हाच कळली होती. शिक्षक एकच गोष्ट तपासायचे, पंखाला पीळ आहे का. विमान तोंडासमोर धरून मागच्या कडेवरून नजर टाकायची. आजही ते लागू आहे.

होटगीनाका, फिल्म बसवल्यावर पीळ तपासला होता का? फिल्म आकसताना पंखाला ओढते. इस्त्री फिरवताना पंख हलका उलट दिशेला पिळून धरला तर आलेला पीळ निघतो. वर-खाली एकसारखी उष्णता दिली नाही तर नसलेला पीळ येतोसुद्धा.

मोकळीहवा | शनिवार, रात्री ८.०५

यूकंट्रोल काका, आणखी लिहा ना. यावर वेगळा धागा काढा, आम्ही वाचू.

मला विचारायचं होतं, सोलापुरात उडवता कुठे? मी नवीन आहे, मुलगी चौदा वर्षांची, तिला वेड लागलंय. आणि आता विमानतळ सुरू झाल्यावर परवानगीचं काय?

होटगीनाका | शनिवार, रात्री ८.३०

महत्त्वाचा प्रश्न. २०२५ च्या जूनपासून होटगी रोडवरून गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून आम्ही शहराजवळच्या सगळ्या जागा सोडल्या. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच हिरवा (परवानगी न लागणारा) झोन आहे, त्याच्या पलीकडे ४०० फुटांपर्यंत. ८ किलोमीटरच्या आत आम्ही विचारच करत नाही. जायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर जागा बघायची, आणि ज्याचं रान आहे त्याला विचारायचं. आम्ही शहराबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मुरमाड माळावर उडवतो. ज्वारी काढल्यावर रानं मोकळी दिसतात, पण काळ्या मातीच्या भेगांत चाक अडकतं. उतरायला मुरूमच बरा.

काळीमाती | शनिवार, रात्री ८.४५

यात भर. बार्शी रस्त्याला नान्नजकडचं माळरान पाहून कुणाला मोह होईल. तिथे माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे. तिकडे विमान न्यायचंच नाही, एकदासुद्धा नाही.

सातरस्ता | शनिवार, रात्री ९.१०

विमानतळाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा खरा प्रश्न हा होता की

पार्कचौक | शनिवार, रात्री ९.१२

सातरस्ता भाऊ, अर्धवट आलं बघा. आणि चिमणी नको हो इथं! २०२३ च्या जूनपासून सगळ्या सोलापूरकरांचं त्यावरच भांडण चाललंय.

संपादक मंडळ | शनिवार, रात्री ९.३०

चिमणी आणि विमानतळ यावर स्वतंत्र धागा आहे, चर्चा तिकडे करावी. इथे विमान बांधणी आणि परीक्षण एवढंच.

निळासर | रविवार, सकाळी ११.१५

वरची चर्चा आवडली. मी एफ३ए, म्हणजे आंतरराष्ट्रीय पॅटर्न कसरतींच्या वर्गात रस घेणारा. तिथलं विमान पंखांत आणि लांबीत २ मीटरच्या आत असावं लागतं. होटगीनाकांनी जो निकष मांडलाय, वैमानिकाची सारवासारव किती, त्यावरच हा सगळा वर्ग उभा आहे. परीक्षक प्रत्येक कसरतीला १० पासून सुरुवात करतात आणि रेघ चुकली की कापत जातात. ठरलेल्या दिशेपासून दर १५ अंशांना एक गुण जातो. कसरत जितकी अवघड तितका तिचा गुणक मोठा.

ऑस्ट्रियाचा हानो प्रेटनर या वर्गात सात वेळा जगज्जेता झाला. त्याचं क्युरारे विमान जगभर लोकांनी बांधलं. त्याचं उड्डाण बघताना एकही दुरुस्ती दिसत नाही असं लोक म्हणायचे. दुरुस्त्या असणारच, पण विमान आधीच इतकं सरळ असणार की त्या डोळ्यांना दिसू नयेत.

म्हणून माझा सल्ला, परीक्षा स्वतः घेऊ नका. हातात ट्रान्समीटर असला की बोटं आपोआप दुरुस्ती करतात आणि मन म्हणतं विमान छान आहे. मित्राला शेजारी उभं करा. त्याने फक्त बघून सांगायचं: डावीकडे कललं, अक्ष हलला, लूप अंड्यासारखा झाला. रेघ आपल्यासमोर समांतर धरा, साधारण १५० मीटर अंतरावर. डोक्यावर उडवलेल्या विमानाचे दोष दिसतच नाहीत. तुमचं विमान त्या २ मीटरवाल्यांच्या मानाने लहान आहे, शंभर मीटर पुरेत.

शेंगाचटणी | रविवार, सकाळी ११.४०

अशा परीक्षक मित्राला नाश्ता आपल्या खर्चाने द्यावा लागतो. अनुभवाचे बोल!

सिम्युलेटर | रविवार, दुपारी १२.२०

नाइफ-एजसाठी एवढी मेहनत कशाला? विमान नाक जड असल्यामुळे पोटाकडे वळतंय. सीजी दहा मिलिमीटर मागे घ्या, सगळं सुटेल.

बाल्सावेडा | रविवार, दुपारी १.००

असहमत. सीजीने नाइफ-एजवर परिणाम होतो, पण तेवढ्या एका लक्षणावरून सीजी ठरवायचा नाही. पोटाकडे वळणं हे रडर, धडाची उभी बाजू, पंखाची आणि शेपटीची उंची या सगळ्यांच्या मेळातून येतं. दहा मिलिमीटर एकदम मागे घेतले तर नाइफ-एज सुधारेल न सुधारेल, विमान उतरताना बोटांवर नाचायला लागेल. एलेव्हेटर जरा हलवलं की नाक वर.

सिम्युलेटर | रविवार, दुपारी १.१५

पण ट्रान्समीटरमध्ये मिक्स घालणं म्हणजे दोष झाकणं झालं ना? विमान मुळातच बरोबर असावं.

काळीमाती | रविवार, दुपारी ३.३०

तुमचा मुद्दा तत्त्व म्हणून योग्य आहे, आणि म्हणूनच मिक्स सगळ्यात शेवटी. सीजी हलला की मिक्सचा आकडा बदलतो. उलट क्रमाने गेलात तर दोन्ही पुन्हा करावे लागतात. यांत्रिक दुरुस्ती जिथे शक्य तिथे यांत्रिकच. पण मधल्या उंचीचा पंख आणि साधं धड असलेल्या विमानात थोडंसं वळणं उरतंच, जगज्जेत्यांच्याही विमानांत मिक्स असतात. दोन-पाच टक्के मिक्स म्हणजे बांधणीतला दोष नाही. वीस टक्के लागलं तर मात्र पुन्हा दोरी काढा.

मिक्स घालताना एक लक्षात ठेवा. रडर डावा असो की उजवा, एलेव्हेटर दोन्ही वेळा वरच यायला हवं. काही ट्रान्समीटरमध्ये एकच आकडा टाकला तर एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली जातं. दोन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे भरून जमिनीवर डोळ्याने तपासा. हवेत हे कळलं तर फार उशीर झालेला असतो.

विजापूरवेस | रविवार, संध्याकाळी ५.४५

उन्हाळ्याची एक गोष्ट कुणी लिहिली नाही. बंद गाडीत विमान ठेवून चहाला जाऊ नका. आतलं तापमान इतकं चढतं की हॉट ग्लूने चिकटवलेला मोटर माउंट मऊ पडतो, आणि गडद फिल्म फुगून सुरकुततो. लिपोलाही ते सोसत नाही. बॅटरी मी पाण्याच्या बाटलीशेजारी थर्मासच्या पिशवीत नेतो. उडवून खाली आणल्यावर बॅटरी हाताला सोसवत नसेल इतकी गरम आली तर प्रोपेलर मोठा आहे किंवा बॅटरी थकली आहे. घरी ठेवताना सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची.

२२०० ची बॅटरी ८० टक्केच वापरायची म्हटली तर १७६० एमएएच. सरासरी २० अँपिअर धरले तर पाच मिनिटांच्या जरा वर. टायमर पाचला लावा.

मोकळीहवा | रविवार, संध्याकाळी ६.२०

मुलीने वरचं सगळं वाचलं. तिचा प्रश्न: विमान बोटांवर नाचतं म्हणजे मजा नाही का?

पार्कचौक | रविवार, संध्याकाळी ६.२५

या पोरीला मैदानावर घेऊन या!

यूकंट्रोल | रविवार, संध्याकाळी ७.००

बाळ, मजा आहेच, पण आधी उंच पंखाचं ट्रेनर. डोळे मिटून उतरवता आलं की मग नाचरं विमान. डोळे खरंच मिटायचे नाहीत. आणि बिदरला सूर्यकिरणचा, म्हणजे हवाई दलाच्या कसरती पथकाचा, तळ आहे, कधी त्यांचं प्रदर्शन आसपास असेल तर बाबांना घेऊन जा. नऊ विमानं एकमेकांना धरून कशी उडतात ते बघितलं की सरळ रेघ म्हणजे काय ते कुणी समजावून सांगायची गरज पडत नाही.

होटगीनाका | दोन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.५०

मंडळी, वहीतलं उतरवून देतो.

दोरी: खुणेत एक मिलिमीटरचा फरक. सोडून दिला. एलेव्हेटरचे दोन्ही भाग सारखे वळतात. पंखाला पीळ नाही. हिंजांच्या फटी टेपने बंद केल्या, आणि रोल थांबवल्यावर विमान लगेच थांबायला लागलं. आधी ते किंचित पुढे जायचं.

सीजी: उलट्या ४५ अंशात नाक लवकर पडत होतं. सीजी ५ मिमी मागे हवा होता. बॅटरी २४० ग्रॅमची, विमान १३५० चं, म्हणजे ५ मिमीसाठी बॅटरी २८ मिमी मागे. बॅटरीचा पाट कापून वाढवला. आता सीजी ७० वर आहे. रेघ लांबवर धरतं आणि अलगद कलतं.

उजवा पंख: काळीमाती ताईंनी सांगितलं तसंच झालं. उलटं करून काठी सोडली, उजवा पंख सावकाश खाली गेला. टायरच्या दुकानातून चाक बॅलन्स करायची चिकट वजनं आणली. डाव्या टोकाला ५ ग्रॅमचा एक तुकडा लावला आणि लूप आवळला तरी पंख पडायचा थांबला. तुकडा आता टोकाच्या ठोकळ्यात बसवून वरून फिल्म लावली आहे.

मोटर: फायरवॉलवर (मोटर बसते त्या पुढच्या फळीवर) माउंटच्या डाव्या-उजव्या स्क्रूंमध्ये ४० मिमी अंतर आहे. डाव्या बाजूच्या दोन्ही स्क्रूंखाली अर्ध्या मिलिमीटरचा एकेक वॉशर घातला, म्हणजे मोटर साधारण पाऊण अंश उजवीकडे. कलणं निम्म्यावर आलं. आणखी एकेक वॉशर घातला, सव्वा अंशाच्या वर, आणि उभी रेघ सरळ जायला लागली. दोन्ही दिशांनी, वाऱ्याकडे आणि वाऱ्याबरोबर, करून बघितलं. स्पिनर (प्रोपेलरवरची टोपी) काउलच्या (मोटरवरच्या आवरणाच्या) मध्यावरून किंचित सरकला होता, म्हणून माउंटची भोकं लांबट करून मोटर डावीकडे घेतली.

नाइफ-एज: सीजी बदलल्यावर त्यात फारसा फरक पडला नाही. रडरबरोबर अप एलेव्हेटर, दोन्ही बाजूंना ४ टक्के. आता मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच उंचीवर जातं.

निळासर, तुमचा सल्ला सगळ्यात कामाला आला. पार्कचौक शेजारी उभे होते आणि त्यांनी मला न दिसलेली एक गोष्ट पकडली. खाली येणाऱ्या उभ्या रेघेत, थ्रॉटल बंद केल्यावर, नाक हलकेच वरच्या बाजूला, कॅनोपीकडे येतं. मी नकळत दाबून धरत होतो.

पार्कचौक | रविवार, दुपारी १२.१०

खरं सांगतो, फोमवाला असलो तरी हे विमान बघून मन हललं. सरळ जातंय म्हंजे एकदम पट्टी लावून ओढल्यासारखं. पुढच्या हंगामाला मी बाल्साच बांधणार. पंखाच्या रिबा कापायला लेझरवाला बघून ठेवलाय.

बाल्सावेडा | रविवार, दुपारी १२.३०

वा! एवढंच, लेझरने कापलेल्या प्लायच्या काळ्या कडा चिकटवण्याआधी बारीक पॉलिशपेपरने घासून घ्या. जळलेल्या कडेवर गोंद नीट धरत नाही. फायरवॉलच्या सांध्यात तर ते विसरूच नका, सगळा जोर तिथेच येतो.

काळीमाती | रविवार, दुपारी १.४५

होटगीनाका, अशी वही माझ्या विद्यार्थ्यांना दाखवायला मिळाली तर आवडेल. एका वेळी एक बदल हे मी दरवर्षी सांगते, पण आकड्यांसकट उदाहरण असलं की ते लगेच ऐकतात.

खाली येणाऱ्या रेघेचं सांगते. कॅनोपीकडे येणं याचा अर्थ थ्रॉटल नसताना पंख आणि शेपटी यांच्या कोनात थोडी तफावत शिल्लक आहे. आधी बघा की सरळ उड्डाणात एलेव्हेटरचं ट्रिम किती वर आहे. सीजी मागे घेतल्यावर तुम्ही ट्रिम पुन्हा बसवलं असेलच, तरी काठी मध्यावर असताना एलेव्हेटर शेपटीच्या रेषेत आहे का ते पट्टी लावून तपासा. रेषेत असेल आणि तरीही नाक येत असेल, तर थ्रॉटल शून्याजवळ आला की एक-दीड टक्का डाउन एलेव्हेटर येईल असं मिक्स घाला. पण ते फक्त थ्रॉटलच्या शेवटच्या टप्प्यात लागू होऊ द्या आणि एका स्विचवर ठेवा. उतरताना तो स्विच बंद करायचा, नाहीतर जमीन जवळ आली असताना नाक खाली दबलेलं राहील.

होटगीनाका | रविवार, दुपारी २.०५

ट्रिम दोन खाचा वर आहे, आत्ताच बघितलं. आधी पुशरॉडचा क्लेविस (पात्याला जोडणारी टोकाची चिमटी) फिरवून ते शून्यावर आणतो, मग मिक्सचं बघतो. वहीच्या पानांचे फोटो रात्री टाकतो.